क्षयाची गोळी सुरू झाली, मग माला-एनचे काय?

समजा, मोहोळ तालुक्यातील तीस वर्षांची एखादी बाई आहे. पदरात दोन मुले. तिसरे नको म्हणून उपकेंद्रातून मिळणारी माला-एन ती रोज रात्री न चुकता घेते. ऊसतोडीच्या हंगामात खोकला लागला, तीन आठवडे हटला नाही, संध्याकाळी ताप येऊ लागला. थुंकी तपासली तर क्षयरोग निघाला. लगेच सरकारी औषधे सुरू झाली. आशाताई घरी येऊन गोळ्या घेतल्या का, हे पाहू लागली. खोकला कमी झाला, भूक लागू लागली. आणि तिसऱ्या महिन्यात पाळी चुकली. ‘एकही गोळी चुकवली नाही, मग दिवस राहिले कसे?’

तिने काहीच चुकवलेले नसते. चूक एवढीच, की दोन्ही गोळ्या एकमेकींशी कशा वागतात हे तिला कोणी सांगितलेले नसते.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातील २१ गोळ्यांत संप्रेरके असतात, उरलेल्या सात लोहाच्या. ही संप्रेरके रक्तात ठरावीक प्रमाणात राहिली तरच स्त्रीबीज बाहेर पडत नाही. क्षयाच्या उपचारात सहा महिने घ्यावे लागणारे रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, नेमका इथेच घोटाळा करते. लघवी केशरी होते ती याच औषधामुळे. ते यकृतातील विकरांना कामाला जुंपते आणि ही विकरे संप्रेरकांचा निचरा नेहमीपेक्षा खूप लवकर करतात. रात्री घेतलेल्या गोळीचा असर दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरत नाही. कधी मध्येच रक्तस्राव होतो, कधी दिवस राहतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतील डॉक्टरांच्या हे प्रथम लक्षात आले.

त्यानंतर बरीच वर्षे सगळ्याच अँटिबायोटिकांकडे संशयाने पाहिले गेले. आजही अनेक घरांत तो संशय आहे. घसा दुखतो म्हणून दिलेले अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन, लघवीच्या संसर्गासाठीचे सिप्रोफ्लॉक्सासिन, दातासाठीचे मेट्रोनिडाझोल यांमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होते, असा पुरावा मिळालेला नाही. अशा औषधांसोबत गोळी चालू ठेवावी, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते. अडचण येते ती उलट्या-जुलाबांमुळे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर ती पोटात गेलीच नाही असे समजून दुसरी घ्यावी. जोराचे जुलाब दिवसभर चालले, तर बरे वाटेपर्यंत आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा.

म्हणजे भीती सगळ्या अँटिबायोटिकांची नको, रिफॅम्पिसिन आणि त्याच्या जातकुळीतील औषधांची दखल मात्र घ्यायला हवी. फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्याही यकृतात असाच परिणाम करतात. त्या अँटिबायोटिक नाहीत, पण घरात कोणी घेत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

मग क्षयाच्या उपचारात काय वापरायचे? तांबी चालते, कारण तिचे काम गर्भाशयातच होते, यकृताशी तिचा संबंध नाही. मात्र क्षय गर्भाशयाचा किंवा गर्भनलिकांचा असेल तर तांबी बसवू नये. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शनही चालते. निरोध तर केव्हाही. ‘छाया’ ही गोळी मात्र क्षयासारख्या दीर्घ आजारात टाळायची असते. संबंधांनंतर ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळीसुद्धा रिफॅम्पिसिनपुढे कमी पडते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये. रिफॅम्पिसिन संपल्यावरही यकृत पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून पुढचे चार आठवडे हीच काळजी घ्यावी.

एवढे करूनही दिवस राहिले तर? घाबरून क्षयाच्या गोळ्या बंद करणे ही सर्वांत घातक गोष्ट. नेहमीच्या उपचारातील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही औषधे गरोदरपणातही दिली जातात. केवळ ती पोटात गेली म्हणून गर्भपात करण्याचे कारण नाही. बाळाच्या कानांना धोका असतो तो स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनपासून, म्हणून गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. उपचार अर्धवट सोडले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

आणखी एक गैरसमज लग्न झालेल्या तरुण मुलींना फार छळतो. ‘एवढ्या गरम गोळ्या खाल्ल्या, आता मूल कसले होते,’ असे शेजारीपाजारी बोलतात आणि सासरी गोळ्या लपवल्या जातात. खरे याच्या उलट आहे. या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही, ते क्षयरोगाने येऊ शकते. जंतू गर्भनलिकांत शिरले की खोकला नसतानाही नलिका चिकटतात, गर्भाशयाचे अस्तर खराब होते. भारतात मूल न होण्यामागच्या कारणांत या क्षयाचा विचार करावाच लागतो. उपचार लवकर झाले तर नुकसान टळण्याची आशा असते. क्लॅमिडियासारख्या संसर्गाचेही तेच. वेळेवर घेतलेले अँटिबायोटिक कूस वाचवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख लोकांना क्षयरोग झाला. त्यांत मूल होण्याच्या वयातील स्त्रिया बऱ्याच आहेत. क्षयाच्या गोळ्या आणि कुटुंब नियोजनाची साधने, दोन्ही सरकार मोफत देते. अनेक गावांत दोन्ही पोचवणारी आशाताईही एकच असते. तरी क्षयाचे कार्ड भरताना पाळणा लांबवण्याची गोष्ट निघत नाही. विचारणाऱ्याला संकोच, सांगणारीला लाज.

म्हणून औषध लिहून घेताना स्त्रीने एक वाक्य आपणहून बोलावे: ‘मी पाळणा लांबवायची गोळी घेते.’ आणि क्षयाची पहिली गोळी हातावर ठेवणाऱ्याने तेच आधी विचारावे. अर्ध्या मिनिटाच्या या बोलण्याने नको असलेले गरोदरपण टळते आणि सहा महिन्यांचा उपचारही तडीस जातो.