कायदा प्रसिद्ध होतो, म्हणजे नेमका कुठे?

जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी अफूविषयक एक कायदा ठरावाने संमत केला. तो राजपत्रात छापला गेला नाही, त्याची दवंडी पिटली गेली नाही, कोणत्याही रीतीने तो प्रजेच्या कानांवर घातला गेला नाही. पुढे हरला नावाच्या इसमास याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. लोकांना कळण्याची वाजवी सोय न करता बंद दालनात केलेला ठराव कायदा म्हणून अमलात आणता येत नाही; तसे करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असा निर्वाळा १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दिला. बोस हे त्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि यवतमाळ जिल्ह्यातील अपिले त्या काळी त्याच न्यायालयात जात असत.

या निकालाला तेरा वर्षे होतात न होतात तोच १९६४ साली त्याच सर्वोच्च न्यायालयापुढे नाण्याची दुसरी बाजू आली. मायर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन इसम झुरिचहून मनिलाला जाणाऱ्या विमानात बसून नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबईच्या विमानतळावर आला. त्याच्या अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोने होते. भारतावरून जाणाऱ्या सोन्याविषयीची नवी अधिसूचना २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली होती आणि हा गृहस्थ झुरिचहून निघाला २७ नोव्हेंबरला. तीन दिवसांत भारताचे राजपत्र स्वित्झर्लंडमध्ये कोण वाचणार, हा त्याचा बचाव बहुमताने फेटाळला गेला. राजपत्रात छापले, म्हणजे प्रसिद्ध झाले, असे ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे होते.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व या दोन निकालांच्या मध्ये उभे आहे. सोन्याच्या चोरट्या व्यापाऱ्याबद्दल फारशी हळहळ वाटण्याचे कारण नाही. परंतु झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावरच्या माणसाला मुंबईचे राजपत्र झुरिचइतकेच दूर आहे, आणि त्याच्या मातृभाषेत, कोलामीत, तर ते कधीच निघत नाही. कायदा जाणण्याचे कर्तव्य सर्वांवर सारखे. जाणण्याची साधने मात्र कमालीची विषम. ही विषमता अर्थशास्त्राच्या भाषेत मांडता येते आणि तशी ती मांडली जात नाही, म्हणूनच तिच्यावर उपायही शोधला जात नाही.

यवतमाळच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे, कारण येथील जमिनीवर कायद्यांचे थर एकावर एक साचले आहेत. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तरी सार्वभौमत्व निजामाचे राहिले. १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते अधिसूचनांनी लागू करावे लागत. महसुलासाठी आधी १८९६ चा कायदा, मग १९२८ चा वऱ्हाडचा महसूल कायदा, पुढे मध्य प्रदेशाचा १९५४ चा आणि अखेर महाराष्ट्राचा १९६६ चा. कुळांसाठी १९५८ चा विदर्भापुरता वेगळा अधिनियम. 'ई-क्लास' जमीन म्हणजे काय, हे येथील प्रत्येक गुराख्याला ठाऊक असते. पण तिची कायदेशीर कुळकथा शोधायची तर हे सारे थर उकरावे लागतात. ज्या जिल्ह्याचे नावच १९०५ पर्यंत 'वून' होते, त्याचे जुने कागद कोणत्या नावाखाली शोधावेत, येथूनच अडचण सुरू होते.

हा केवळ इतिहासाचा छंद नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा चालतो, हे नियम १३ मध्ये सांगितले आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, भूमापन व जमाबंदीचे अहवाल, नकाशे आणि वनखात्याचे अभिलेख यांचा स्पष्ट उल्लेख आहे; दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते, पण एकाहून अधिक पुरावे असावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजे १९०८ साली प्रसिद्ध झालेले यवतमाळचे जिल्हा गॅझेटियर हा एखाद्या पोडासाठी शोभेचा ग्रंथ नसून दाव्याला जोडायचा कागद आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासी कुटुंबाला तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. तो वडिलांच्या आठवणीने भागत नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगल कायदा मोडला, तेव्हा त्यांना तो कायदा वकील म्हणून मुखोद्गत होता. आज तोच जंगलाचा कायदा पाळून हक्क मागणाऱ्याला मात्र कागद कोणत्या कपाटात आहे, हेच माहीत नसते.

कपाटाची किंमत

कायद्याचा मजकूर ही अर्थशास्त्राच्या व्याख्येत बसणारी नमुनेदार सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वाचल्याने दुसऱ्याच्या वाट्याचा मजकूर कमी होत नाही. असे असूनही त्याचे उत्पादन आणि वितरण पिढ्यान्‌पिढ्या खासगी प्रकाशकांकडे राहिले. यात विदर्भाला अभिमान वाटावा असाही भाग आहे. १९१४ पासूनचे निकाल ज्याच्या खंडांत सापडतात, तो व्ही. व्ही. चितळे यांचा 'ऑल इंडिया रिपोर्टर' नागपूरचाच. यवतमाळहून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या शहरातून देशभरातील न्यायालयांना निकाल पुरवले गेले. पण संपूर्ण संच बाळगणे ही बड्या वकिलाची किंवा चांगल्या ग्रंथालयाचीच ऐपत. तालुक्याच्या वकील संघात मधले खंड गायब असलेला संच ही नित्याची गोष्ट.

त्यात १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम अमलात आले. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले, फसवणुकीचे ४२० हे ३१८ मध्ये गेले. कारखान्यात नवे यंत्र आले की जुने भंगारात जाते. येथे तशीही सोय नाही. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू राहणार असल्यामुळे पुढील कित्येक वर्षे दोन्ही संच लागतील. ग्रंथालयाच्या भांडवलाचा घसारा एका दिवसात झाला, आणि ते भांडवल मोडीतही काढता येत नाही. ज्या महाविद्यालयाची ग्रंथखरेदी वर्षाच्या तुटपुंज्या तरतुदीवर चालते, त्याने हे ओझे कसे पेलावे?

आता सारे संगणकावर फुकट मिळते, मग ग्रंथालय कशाला, असे यावर हमखास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. निकालाच्या मूळ मजकुरावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. प्रकाशकाचा हक्क असेल तर तो त्याने केलेल्या मोजक्या संपादकीय संस्कारांपुरता, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले. २००८ पासून 'इंडियन कानून'वर निकाल विनामूल्य शोधता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे सुमारे ३४ हजार प्रकाशित निकाल सर्वांना खुले केले आणि त्याच महिन्यात मराठीसह प्रादेशिक भाषांतील अनुवादही उपलब्ध होऊ लागले. पंधरा वर्षांत एवढी मजल कोणी कल्पिली नव्हती.

पण जे खुले झाले, ते शिखर आहे. सामान्य माणसाचे आयुष्य ठरते ते पायथ्याशी: नियम, अधिसूचना, परिपत्रके आणि शासन निर्णय यांत. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते की प्रकरण 'अपात्र' ठरते, हे संसदेच्या कोणत्याही कायद्यावर अवलंबून नाही. ते २००६ च्या एका शासन निर्णयातील निकषांवर अवलंबून आहे. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते काय, यावर. कर्ज विनापरवाना सावकाराचे असेल तर विधवेच्या पदरी नकार येतो. याच विधवेला हेही कोणी सांगत नाही, की अशा सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन चौकशीअंती परत देववण्याचा अधिकार २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाच्या कलम १८ ने जिल्हा निबंधकाला दिला आहे. एक दार बंद होते आणि शेजारचे दार उघडे आहे, हे कळण्यासाठी दोन कागद एकाच टेबलावर यावे लागतात. संगणकावर शोधण्यासाठी आधी काय शोधायचे, ते माहीत असावे लागते. ते माहीत असते तर निम्मे काम झालेच असते.

मार्क गॅलंटर या अमेरिकी विधिज्ञाने १९७४ मध्ये एका गाजलेल्या निबंधात पक्षकारांचे दोन वर्ग पाडले होते: वारंवार न्यायालयात येणारे आणि आयुष्यात एकदाच येणारे. बँक, विमा कंपनी, शासन हे पहिल्या वर्गातले. त्यांचा माहिती मिळवण्याचा खर्च हजार प्रकरणांवर विभागला जातो. शेतमजुराला तोच खर्च एकाच प्रकरणावर करावा लागतो, आणि तोही दिवसाची मजुरी बुडवून व जिल्ह्याच्या गावी येण्याजाण्याचे भाडे भरून. कायदा निःपक्षपाती असला तरी निकालाचे पारडे का झुकते, याचे उत्तर पुष्कळदा न्यायाधीशाच्या मनात नसून या खर्चाच्या विभागणीत असते.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कीटकनाशकांचा १९६८ चा कायदा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार कलम २६ ने राज्य शासनाला दिलेला होता, तर लोकांच्या जिवाला धोका असेल तर विक्री ६० दिवसांपर्यंत थांबवण्याचा अधिकार कलम २७ ने. डब्यावरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता कशी सांगतो, हे १९७१ च्या नियमांत आहे. हे सारे 'प्रसिद्ध' होते. फवारणाऱ्याच्या घरात ते किती पोहोचले होते, हे त्या मोसमाने दाखवले. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. शिवाय दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी बाझेल येथे नुकसानभरपाईची मागणी केली. कंपनीने आपल्या उत्पादनाचा संबंध नाकारला. या वादात खरे कोण, हा येथे प्रश्न नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट तारखेची आहे. स्विस कायद्यानुसार सदोष उत्पादनाविषयीचा दावा नुकसान कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. ही मुदत यवतमाळात कोणाला ठाऊक असणार? ती परदेशी आणि देशी संस्थांच्या साहाय्याने वेळेत कळली, म्हणून दार ठोठावता तरी आले.

विद्यापीठाचे काम

नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये आणि त्याचे विधी महाविद्यालय १९२५ मध्ये निघाले. यवतमाळ १९८३ पर्यंत त्याच विद्यापीठाच्या कक्षेत होते व नंतर अमरावतीकडे आले. यवतमाळात अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे. अर्थात कायद्याच्या ग्रंथालयाची परंपरा या भागाला नवीन नाही. मात्र आपल्याकडे विद्यापीठीय ग्रंथालयाची कल्पना परीक्षार्थीला पुस्तक देणे व परत घेणे, येथवरच थांबली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या विधी शाखेने १९९२ सालीच कायदा आणि निकाल संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना खुले करण्यास आरंभ केला, तो विद्यार्थ्यांपुरता नव्हे. तेथील कित्येक विधी ग्रंथालये नव्या निकालांची, नियमांची आणि संशोधनाची वार्तापत्रे नियमाने काढतात.

तसेच काम येथे अगदी लहान प्रमाणात होऊ शकते. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने आणि चार विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्यास दोन पानांचे मराठी पत्रक काढावे. शेती, वनहक्क, सावकारी, पीकविमा, रोजगार हमी या विषयांवरचे नवे शासन निर्णय, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे जिल्ह्याशी संबंधित निकाल आणि संपत आलेल्या मुदती एवढेच त्यात असावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी वाचनालये सोळाही तालुक्यांत आहेत. तेथील वर्तमानपत्रांच्या टेबलावर ते पडावे. खालच्या न्यायालयांची भाषा २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने, काही अपवाद वगळता, मराठी झाली आहे. उच्च न्यायालयाचा निकाल मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे इंग्रजीतच येतो. हे अंतर सारांशाने भरून काढणे हा विधी शाखेच्या विद्यार्थ्यासाठी कोणत्याही प्रश्नोत्तर-मार्गदर्शकापेक्षा चांगला अभ्यास ठरेल.

चुकीचा सारांश वाचून कोणी मुदत चुकवली तर जबाबदार कोण, असा आक्षेप वकीलमंडळी घेतील, आणि तो रास्त आहे. म्हणून प्रत्येक नोंदीखाली निर्णयाचा क्रमांक, तारीख आणि मूळ कागद मिळण्याचे ठिकाण असलेच पाहिजे. सल्ला एका शब्दाचाही नको. सल्ल्यासाठी १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. पत्रकाने माणसाला योग्य प्रश्न घेऊन त्या दारापर्यंत पोहोचवले, तरी पुरे.

खर्चाचे म्हणाल तर, केंद्र शासनाने 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यातून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची नियतकालिके शासकीय संस्थांना मिळतात. योजना चांगली आहे. परंतु पहिला टप्पा शासकीय संस्थांपुरता असल्याने खासगी व्यवस्थापनाची अनुदानित महाविद्यालये बाहेर राहतात, आणि जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये याच वर्गातली. शिवाय वऱ्हाडचा १९२८ चा महसूल कायदा किंवा जमाबंदीचे जुने अहवाल लंडन-न्यूयॉर्कचे प्रकाशक पुरवणार नाहीत. ते येथल्याच कपाटांत, वकील संघांत, अभिलेख कक्षांत आणि जुन्या वकिलांच्या घरी आहेत. शासकीय प्रकाशनावरील स्वामित्वहक्क साठ वर्षांनी संपतो; त्यामुळे या कागदांची प्रतिमा घेऊन ते खुले करण्यास कायद्याची आडकाठी नाही. आधी कुठे काय आहे याची तालुकावार यादी व्हायला हवी, आणि ती पुढच्या पावसाळ्यापूर्वी झाली तर बरे.