जिना उतरणारी तार

मालाची किंमत केवळ कच्च्या मालावर ठरत नाही. त्यात कारागिराचा हुन्नर किती, तो गिऱ्हाइकापुढे मांडला कसा आणि हिशेब राखला कसा, यावर धंदा उभा राहतो किंवा बसतो. याचा चांगला दाखला म्हणजे अमेरिकेतील ‘स्लिंकी’ हे खेळणे. पाहायला गेले तर पोलादी तारेची नुसती गुंडाळी. पण जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून तिचे टोक खालच्या पायरीवर वळविले की ती आपोआप एकेक पायरी उतरत जाते.

१९४३ साली महायुद्ध चालू असताना रिचर्ड जेम्स नावाचे इंजिनिअर फिलाडेल्फिया येथे काम करीत होते. जहाजावरील नाजूक उपकरणे हेलकाव्यांत स्थिर राहावीत म्हणून ते स्प्रिंगांचे प्रयोग करीत. एक स्प्रिंग फळीवरून निसटली आणि धप्पकन पडण्याऐवजी चालल्यासारखी खाली उतरली. यात खेळणे आहे, हे त्यांनी ओळखले. योग्य पोलाद आणि योग्य ताण सापडेपर्यंत सुमारे दोन वर्षे गेली. पत्नी बेटी यांनी शब्दकोश चाळून नाव शोधले. ५०० डॉलर उसने घेऊन पहिले ४०० नग तयार झाले.

माल तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. टेबलावर निपचित पडलेल्या तारेला एक डॉलर कोण देणार? अखेर नोव्हेंबर १९४५ मध्ये गिंबल्स या मोठ्या दुकानात उतरती फळी लावून जेम्स यांनी स्वतः ती चालवून दाखविली. सर्व ४०० नग दीड तासात संपले! आम्हा कापडवाल्यांना यात नवल वाटणार नाही. घडी घातलेल्या थानाकडे कोणी पाहत नाही. गादीवर चार हात उलगडले की गिऱ्हाईक पुढे सरकते.

आता या तारेचे गमक पाहू. सुरुवातीच्या स्लिंकीत ९८ वेढे होते आणि उंची अवघी अडीच इंच. वेढे एकमेकांना चिकटून असतात. ताणले की परत जवळ येऊ पाहतात. वरचे टोक खालच्या पायरीवर गेले की ओढ लाटेसारखी वेढ्यावेढ्यांतून मागे सरकते आणि एकामागून एक वेढा उचलला जातो. शेवटचा वेढा इतक्या वेगाने येतो की तेथे न थांबता उलटून पुढची पायरी गाठतो. घासण्यात आणि आदळण्यात जी शक्ती खर्च होते, ती खाली उतरण्यातून भरून निघते. म्हणून सपाट जमिनीवर तिची चाल थांबते. १९८५ साली ती अंतराळयानात नेली, तेव्हा तेथेही ती चालली नाही; वजनच नाही तर उतरणार कशी?

आणखी एक गंमत. स्लिंकी हातात धरून लोंबती सोडा आणि मग हात काढा. वरचा भाग खाली येऊन भिडेपर्यंत खालचे टोक क्षणभर हवेत जागच्या जागी राहते. वर हात सुटला, ही खबर तारेतून खाली पोहोचायला तेवढा वेळ लागतो.

धंद्याची खरी परीक्षा पुढे झाली. १९६० साली रिचर्ड जेम्स घर व कारखाना सोडून बोलिव्हियात एका धार्मिक पंथाकडे निघून गेले. पंथाला दिलेल्या देणग्यांमुळे पेढी कर्जात होती. सहा मुले आणि ही देणी बेटी यांच्या पदरी आली. त्यांनी कारभार हाती घेतला, कारखाना पेनसिल्व्हेनियातील हॉलिडेजबर्ग गावी नेला, दूरचित्रवाणीवर गाण्याची जाहिरात चालविली आणि धंदा सावरला. गरिबाच्या मुलालाही घेता यावे म्हणून भाव मात्र मुद्दाम कमी ठेवला. १९९८ साली त्यांनी कंपनी विकली. २००८ साली त्या वारल्या. तोपर्यंत या खेळण्याचे कोट्यवधी नग विकले गेले होते.

शोध लावला रिचर्ड यांनी, पेढी राखली बेटी यांनी. आमच्या कारागीर बंधूंच्या हाती हुन्नराची कमतरता नाही. गल्ल्यावर आणि वहीवर लक्ष ठेवणारे माणूस घरात कोण, हे मात्र ज्याने त्याने आजच पाहून ठेवावे.