दुखायचा थांबलेला दात

दर वर्षी २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन येतो. दोन वेळा दात घासा, गोड कमी खा, ही वाक्ये वाचकांना आता पाठ आहेत. ती पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. रात्री दोन वाजता गालाला हात लावून अंथरुणात उठून बसलेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. दात इतका का दुखतो? आणि चार दिवसांनी दुखायचा थांबला, तर तो बरा झाला म्हणायचे का?

बहुतेकदा नाही. दाताच्या आजारात दुखणे थांबण्याचा टप्पाच अनेकदा सर्वांत फसवा असतो.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. जबलपूरकरांना त्याचा टिकाऊपणा वेगळा सांगायला नको. १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला इथल्या टेकडीवर डायनासोरची हाडे सापडली आणि पुढे याच परिसरातल्या लमेटा थरांतून मांसाहारी डायनासोरांचे दातही निघाले. कोट्यवधी वर्षे मातीत राहूनही ते ओळखू येतात. माणसाच्या तोंडात मात्र जिवाणू साखरेचे आम्ल करतात आणि तोंडातला पीएच साधारण साडेपाचाच्या खाली गेला की हेच एनॅमल विरघळू लागते. त्यात मज्जातंतू नसतो, म्हणून कीड तिथे असेपर्यंत कसलीच जाणीव होत नाही.

कीड आतल्या डेंटिनपर्यंत पोचली की पहिली कळ येते. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड पाणी लागले की हा द्रव हलतो आणि त्या हालचालीने आतले मज्जातंतू जागे होतात, अशी मांडणी स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर केली आणि ती आजही मानली जाते. बर्फाच्या पाण्याचा घोट घेतल्यावर आलेली कळ काही सेकंदांत ओसरत असेल, तर दात वाचवणे सोपे असते. बहुतेक वेळा साध्या भरणीवर भागते. दवाखान्यात जायची खरी वेळ हीच, आणि नेमकी हीच वेळ लोक दवडतात.

त्यापुढचा मुक्काम म्हणजे पल्प, ज्याला आपण नस म्हणतो. शरीरात इतरत्र सूज आली की जागा पसरते, पण पल्पच्या चारही बाजूंना टणक भिंती आहेत. आतला दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, त्यामुळे दातदुखीला रात्र वैऱ्याची असते. गरम चहाने कळ उठणे, थंड पाण्याने उलट बरे वाटणे, काही न खाता-पिता दुखू लागणे, सुरू झालेले दुखणे मिनिटेच्या मिनिटे रेंगाळणे, ही पल्प वाचण्यापलीकडे गेल्याची लक्षणे. इथे भरणी पुरत नाही. रूट कॅनाल करायचे किंवा दात काढायचा, एवढेच मार्ग सहसा उरतात.

मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. घरात सुटकेचा श्वास घेतला जातो, घेतलेली अपॉइंटमेंट रद्द होते. आत पल्प मेलेला असतो. मेलेल्या ऊतीला वेदना कळत नाही, पण तिच्यात जिवाणू वाढत राहतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, दात उंच झाल्यासारखा वाटतो, घास चावला की दुखतो, हिरडीवर पुवाची पुटकुळी येते. ती फुटून दाब कमी झाला की माणूस पुन्हा निर्धास्त होतो.

नेमका कोणता दात दुखतो हे सांगता येत नाही म्हणून पुष्कळ जण ओशाळतात. त्यात त्यांचा दोष नाही. पल्पमधल्या तंतूंना जागा नीट ओळखता येत नाही. खालचा दात किडलेला असताना वरचा दुखल्यासारखा वाटतो, कधी कान दुखतो. सर्दीनंतर वरच्या दाढा एकदम ओळीने दुखू लागल्या आणि वाकल्यावर ठणका वाढला, तर कारण सायनसमध्ये असू शकते. आणि जिना चढताना डावा जबडा दुखतो, थांबले की राहतो, असे असेल तर दंतवैद्याकडे जाण्याआधी हृदयाची तपासणी करावी. छातीत दाब, घाम, धाप यांपैकी काही सोबत असेल तर एक मिनिटही न थांबता रुग्णालय गाठावे.

घरगुती उपायांपैकी लवंगेला मान द्यायलाच हवा. तिच्यातले युजेनॉल झिंक ऑक्साइडबरोबर मिसळून दंतवैद्य आजही वापरतात. पण निव्वळ लवंगतेलाचा बोळा हिरडीवर तासभर ठेवला तर हिरडी भाजते. अॅस्पिरिनची गोळी दाताशी धरून ठेवली तरी तेच होते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या निरुपद्रवी. पॅरासिटामॉल प्रमाणात घेतले तर बहुतेकांना चालते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवण्याचा प्रकार गावोगाव चालत आला आहे. दातात असे किडे नसतातच. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये छापलेल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली होती आणि १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी जिवाणू व आम्लाचा संबंध सविस्तर मांडला.

धुरीपेक्षा अधिक नुकसान औषधाच्या दुकानातून सांगून घेतलेल्या अँटिबायोटिकने होते. पल्प सुजलेला असताना त्या गोळ्यांनी ठणका जात नाही, आणि पल्प मेल्यावर तिथे रक्तपुरवठाच नसल्याने औषध पोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शिकेत दंतोपचार हाताशी असताना अशा बहुतेक दुखण्यांवर प्रौढांना अँटिबायोटिक देऊ नये असेच सांगितले. ताप असेल, सूज पसरत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते ठरवायचे डॉक्टरांनी.

न दुखणाऱ्या आजाराची सर्वांत बोलकी गोष्ट मात्र जबलपूरच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातली आहे. तिलाईपानी या गावात मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे होते आणि अनेकांचे गुडघे आत वळलेले होते. जबलपूरमध्ये १९८४ पासून आदिवासींच्या आरोग्यावर काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. तिथले डॉ. तपस चकमा आणि सहकाऱ्यांनी हे फ्लोरोसिस असल्याचे दाखवले. हातपंपाच्या पाण्यातले फ्लोराइड मर्यादेच्या फार वर होते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. कायमचे दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांचे होईपर्यंत, जादा फ्लोराइड पोटात गेले की एनॅमल बिघडते. दात सहसा दुखत नाही. म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही आणि त्याच पाण्याने हाडे वाकत राहतात.

या संशोधकांनी सुचवलेला उपाय गावात रुजणारा होता. आधी पाणी बदलायचे, आणि आहारात कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व वाढवायचे. त्यासाठी त्यांनी चकोडा भाजीवर भर दिला, म्हणजे आपला टाकळा. पहिल्या पावसात बांधावर फुकट उगवणारी ही भाजी कॅल्शियमने समृद्ध आहे. महागड्या औषधाऐवजी ओळखीच्या पाल्यापर्यंत पोचणारे विज्ञान आपल्याकडे फार कमी दिसते. त्याची वाखाणणी व्हायलाच हवी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांतही फ्लोराइडचा त्रास आहे. तिथल्या शाळांत मुलांचे दात पाहताना पट्टे दिसले, तर टूथपेस्टच्या चर्चेआधी गावचे पाणी तपासायला पाठवले पाहिजे.

दुसरा मुका आजार सुपारी-गुटख्याचा. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. देशात हे पाऊल उचलणारे ते पहिले राज्य, महाराष्ट्र त्याच वर्षी मागून आला. पण सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून खाण्याची वाट खुलीच राहिली. सुपारीने गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठर होते, तिखट झोंबू लागते, तोंड कमी उघडते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, किंवा तोंडातला व्रण, पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर तो दुखत नाही याला काहीच महत्त्व नाही. तपासणी करून घ्यावी.

सूज गालावरून डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, थुंकी गिळता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा संसर्ग बहुधा खालच्या दाढांतून सुरू होतो आणि काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. अशा वेळी गल्लीतला दवाखाना शोधत बसायचे नाही. जबलपुरात असाल तर थेट मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, इतरत्र असाल तर आपत्कालीन विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठायचे. मधुमेह असेल तर आणखी घाई करायची, कारण मधुमेहींमध्ये असा संसर्ग वेगाने पसरतो.

खर्चाची भीती खरी आहे. बहुतेक आरोग्यविम्यांत अपघात सोडला तर दातांचे उपचार बसत नाहीत. पण भरणीचा खर्च रूट कॅनाल आणि वरच्या कॅपपेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी माफक दरात उपचार करतात. तिथे वेळ जास्त जातो, दोन-तीन खेपा पडतात. जाताना डॉक्टरांना चार गोष्टी नेमक्या सांगाव्यात: दुखणे थंडाने उठते की गरमाने, किती वेळ राहते, रात्री जाग येते का, आणि मधे कधी आपोआप थांबले होते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर दुखत नसला तरी त्या दाताचा एक्स-रे काढायला सांगावा.