उसण भरली असता : घरगुती उपचार, त्यांच्या मर्यादा आणि आपले कर्तव्य

पाण्याची घागर उचलताना, अंगणातली कुंडी सरकवताना, वाकून चपलेचा पट्टा लावताना, क्वचित नुसते शिंकतानाही कमरेत एकाएकी अशी कळ येते की माणूस जागच्या जागी खिळतो. ताठ उभे राहता येत नाही आणि खालीही बसवत नाही. यालाच आपल्याकडे उसण भरली, चमक भरली किंवा लचक भरली असे म्हणतात. वैद्यकव्यवसायात आणि औषधालयाच्या काउंटरवर या तक्रारीइतकी नित्याची तक्रार विरळाच. तरीही वैद्यांच्या चर्चासत्रांतून गृध्रसी आणि आमवात यांवर जितका विचार होतो, तितका या साध्या उसणीवर होत नाही.

त्याचे एक कारण असे की, असा रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्यावर निम्मे उपचार होऊन गेलेले असतात. आजीने शेक दिलेला असतो, शेजाऱ्याने मलम चोळलेले असते, कोणी पायाळू माणूस शोधून पाठीला पाय लावून घेतलेला असतो. यांपैकी कशाला आपण पाठबळ द्यावे, कशात दुरुस्ती सुचवावी आणि काय तत्काळ थांबवावे, याचा विचार व्हावा या हेतूने आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

शास्त्रकारांची दृष्टी

अष्टांगहृदयाने वायूची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत पक्वाशयाच्या लगोलग कटीचा उल्लेख आहे. कमरेचे दुखणे आणि कोठ्याची स्थिती यांचा संबंध या एका क्रमातूनच ध्यानी येतो. सुश्रुताचार्यांनी वातप्रकोपाच्या कारणांत भारवहन आणि अतिव्यायाम यांची गणना केली आहे. चरकाचार्यांनी रूक्ष व अल्प अन्न, जागरण आणि वेगधारण यांचा निर्देश केला आहे. उसण भरलेल्या रुग्णाला नीट विचारले तर ओझे उचलणे हे केवळ निमित्त ठरते. त्याआधी दोन-तीन रात्रींचे जागरण, एस.टी.चा लांबचा प्रवास, अवेळी जेवण किंवा बद्धकोष्ठता असा पूर्वेतिहास पुष्कळदा मिळतो.

कटीग्रहाचे वर्णन करताना ग्रंथकारांनी कटीत आश्रय घेणारा वायू शुद्ध असेल किंवा साम असेल, असे दोन प्रकार मानले आहेत. घरगुती उपचारांचे यशापयश बव्हंशी या एका भेदावर अवलंबून असते. अंग जड, जिभेवर पांढरा थर, भूक मंद, सकाळी ताठरपणा अधिक आणि तेल लावल्यावर दुखणे वाढते, अशी लक्षणे असता साम अवस्था समजावी. याउलट रुग्ण कृश व रूक्ष, भूक बरी, श्रमानंतर वेदना अधिक आणि तेलाने बरे वाटते, असे असता निराम वात समजावा. पहिल्यात प्रारंभी तेल नको, दुसऱ्यात कोरडा शेक एकटा पुरा पडत नाही. घरातल्या माणसांना हा भेद ठाऊक नसतो, म्हणून एकाच तेलाने एका भावाला आराम पडतो आणि दुसऱ्याची कंबर अधिकच धरते.

शेक

घरगुती उपचारांत पहिला मान शेकाचा. चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात पिंडस्वेदाचे विवेचन करताना वातासाठी तीळ, उडीद, कुळीथ अशी स्निग्ध द्रव्ये आणि कफासाठी वाळूसारखी रूक्ष द्रव्ये सांगितली आहेत. आपल्या घरांतून चालत आलेली वाळूची किंवा खड्या मिठाची पुरचुंडी ही रूक्ष स्वेदाचीच सोपी आवृत्ती होय. साम अवस्थेत तीच योजावी. निराम अवस्थेत कोमट तिळतेल हलक्या हाताने लावून मग निर्गुडीचा किंवा एरंडाचा पाला तव्यावर गरम करून त्याचा शेक द्यावा.

शेकाच्या बाबतीत आधुनिक संशोधनही आपल्या परंपरेच्या बाजूने उभे आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ साली कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत नव्याने उद्भवलेल्या दुखण्यासाठी आरंभी औषधाविना उपचार करावेत असे सांगून बाहेरून दिलेल्या उष्णतेला अग्रस्थान दिले आहे. उलट, पॅरासिटामॉलने रुग्ण लवकर बरा होतो काय हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात सुमारे साडेसोळाशे रुग्णांवर अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ही गोळी आणि औषधहीन गोळी यांत बरे होण्याच्या कालावधीत फरक आढळला नाही.

शेक एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावी. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या रुग्णाला चटका बसल्याचे कळत नाही. त्याच्या बाबतीत पुरचुंडी दुसऱ्याने धरावी आणि त्वचा वरचेवर पाहावी. ताज्या मारामुळे सूज आली असेल किंवा ताप असेल तर शेक देऊ नये.

कोठा, तेल आणि लेप

दुसरा उपाय एरंडतेलाचा. सुंठीचा काढा आणि त्यात एरंडतेल ही जोडी दीपन-पाचन आणि वातानुलोमन अशी दोन्ही कामे करते. एक चमचा सुंठपूड दोन कप पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळावी, गाळावी आणि कोमट असताना त्यात १० ते १५ मि.ली. एरंडतेल घालून एकदा द्यावे. मलबद्धता असलेल्या रुग्णास कोठा मोकळा होताच कंबरही सैल झाल्याचा अनुभव बहुतेक वैद्यांना आहे. मात्र गर्भिणी, अतिकृश वृद्ध, अतिसाराचा रुग्ण आणि ज्याच्या पोटदुखीचे कारण कळलेले नाही असा रुग्ण यांना ते कदापि देऊ नये. गंधर्वहरीतकी हा त्याहून सौम्य पर्याय आहे.

तेल कोणतेही असो, पहिल्या दोन दिवसांत ते जिरवावे, रगडू नये. लसूण आणि ओवा घालून कढवलेले तिळतेल घरोघर होते व ते योग्यच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाला जोराचे मर्दन केल्यास आत रक्त साकळू शकते, हे विचारून घ्यावे. आंबेहळद व रक्तबोळाचा गरम लेप मुक्या मारावर आपल्याकडे रूढ आहे. धडपडल्याने कमरेला मार बसला असेल आणि हाड शाबूत असेल तर तो उपयोगी पडतो.

अंथरूण की हालचाल ?

उसण भरली की आठ दिवस पाटावर सरळ झोपून राहावे, हा सल्ला एके काळी सर्वच पद्धतींचे चिकित्सक देत असत. तो आता टिकत नाही. १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात सात दिवसांच्या विश्रांतीने दोन दिवसांच्या विश्रांतीपेक्षा अधिक लाभ झाला नाही. १९९५ साली फिनलंडमधील अभ्यासात तर झेपेल तितके नेहमीचे काम चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. कठीण पाटाचा आग्रहही सोडावा. स्पेनमध्ये ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम कठीण गादी अतिकठीण गादीहून सरस ठरली.

म्हणून सल्ला असा असावा : पहिला दिवस, फार तर दोन दिवस, वेदना कमी होईल अशा स्थितीत विसावा घ्यावा. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी किंवा कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने उठावे. त्यानंतर घरातल्या घरात चालणे सुरू करावे. वाकून झाडणे, बादली उचलणे, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणे एवढे टाळावे.

हा सल्ला सांगणे सोपे आहे, पाळणे सर्वांच्या हाती नाही, याचेही भान हवे. ऊसतोडीच्या हंगामात फडावर राहणारी बाई तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. मजुरी टनावर ठरलेली, उचल आधीच घेतलेली आणि खाडा पडला तर पैसे कापले जाणार. तिला विश्रांती घ्या म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे होय. तिला चार दिवस मोळी वाहण्याऐवजी ऊस तोडण्याचे किंवा बांधण्याचे काम जोडीदाराशी बदलून घेता येईल का, मोळी लहान बांधता येईल का, कमरेला लुगड्याचा पट्टा आवळून ओझे उचलता येईल का, हे विचारावे. रुग्णाच्या जीवनक्रमात बसेल तेवढेच पथ्य पथ्य ठरते.

सोडून द्यावेत असे उपाय

पायाळू व्यक्तीचा पाय लावल्याने उसण जाते ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे. पाय नुसता टेकवला तर त्याने अपाय नाही. परंतु पाठीवर उभे राहून तुडवणे, किंवा झटका देऊन कंबर मोकळी करणे यांत धोका आहे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेचा मणका त्याने दबू शकतो. बहुतेक उसणी काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. तिसऱ्या दिवशी जो उपाय केला, त्याला त्याचे श्रेय मिळते. काकतालीय न्याय तो हाच. आणि हा न्याय पायाळूला लागू करताना आपल्या गुग्गुळकल्पांनाही तो लागू करण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवला पाहिजे.

कमरेवर बिब्ब्याचे चटके देण्याची चाल अजून काही भागांत आहे. बिब्बा उतला तर अंगभर फोड व खाज येते. शोधन न केलेले हे द्रव्य घरात वापरू नये, असे स्पष्ट सांगावे. रुईचा चीक लावणेही वर्ज्य करावे. तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.

घरगुती उपचार कोठे थांबवावेत

या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आम्ही हा समजतो. उसणीच्या वेषात येणारे काही विकार असे आहेत की, त्यांत शेकात घालवलेला एक दिवस रुग्णाला आयुष्यभर महाग पडतो.

कंबरदुखीसोबत लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व गुदाभोवतीच्या भागात बधिरता येणे, दोन्ही पायांतील बळ कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास मणक्याच्या खालच्या भागातील मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला असण्याची शंका घ्यावी. येथे मूत्रावरोधाला केवळ अपानवैगुण्य समजून गोक्षुर, एरंडतेल किंवा बस्ती यांची योजना करणे घातक ठरते. अशा रुग्णाला त्याच दिवशी, त्याच तासाला, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. म्हणून कंबर धरून आलेल्या प्रत्येकाला लघवी नीट होते का, बसताना खालचा भाग बधिर वाटतो का, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत.

संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारी वेदना असता मणक्याचा क्षय आपल्या देशात विसरून चालणार नाही. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले असणे, साध्या पडण्याने वृद्धेला सुरू झालेले दुखणे, यांतही तपासणी आधी व्हावी. कळ कमरेतून जांघेकडे उतरत असेल आणि रुग्ण तळमळत असेल तर मूतखड्याचा विचार करावा. उसणीचा रुग्ण सहसा निश्चल राहतो. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर त्वचा पाहावी, दोन-तीन दिवसांत नागीण उमटू शकते. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या कंबर व ओटीपोटदुखीत गर्भधारणेची शक्यता आधी तपासावी. वृद्ध पुरुषास पोटात आणि पाठीत एकाएकी असह्य वेदना होऊन घाम व भोवळ आल्यास विलंब करू नये.

अशी लक्षणे नसतील तर मात्र पहिल्याच दिवशी एम.आर.आय.चा आग्रह नको. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. तपासले, तेव्हा त्यांतील ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. ‘गादी सरकली’ हे शब्द रुग्णाच्या मनात घर करतात. ते जपून उच्चारावेत.

औषधालय चालविणाऱ्यांसाठी

काउंटरवर ‘कमरेसाठी योगराज द्या’ अशी मागणी येते. योगराज आणि महायोगराज हे दोन भिन्न कल्प आहेत. दुसऱ्यात नागभस्मासह अनेक भस्मे असतात आणि तो वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये. विषगर्भ तेलात वत्सनाभ आहे. ते फुटलेल्या त्वचेवर लावू नये, लावल्यावर हात धुवावेत, मुलांच्या हाती लागू देऊ नये, एवढे प्रत्येक बाटलीबरोबर तोंडी सांगावे.

उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नसलेल्या ‘रामबाण’ पुड्या दुकानात ठेवू नयेत. वनौषधींच्या नावाखाली स्टिरॉइड व वेदनाशामके मिसळल्याचे प्रकार यापूर्वी उघडकीस आले आहेत. एका पुडीने तासाभरात कंबर मोकळी होणे, पुढे चेहरा सुजणे, साखर वाढणे हे त्याचे संकेत होत. अशी पुडी दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णास ती एकदम बंद करायला न सांगता लगेच चिकित्सकाकडे पाठवावे. अशा एका पुडीमुळे बदनामी मात्र सबंध आयुर्वेदाची होते.

दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास वैद्याला दाखवा, असे ग्राहकाला सांगणारा दुकानदार एक विक्री कदाचित गमावतो, पण त्या घराचा विश्वास कमावतो. घरगुती उपचार हे आपल्या शास्त्राचेच घरोघर झिरपलेले रूप आहे. त्याला तुच्छ लेखू नये आणि डोळे मिटून त्याची भलावणही करू नये. योग्य अवस्थेत योग्य शेक, कोठ्याची काळजी, लवकर हालचाल आणि धोक्याच्या लक्षणांवर सावध नजर, ही चतुःसूत्री सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या चिकित्सालयात लावून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. आपापल्या भागात उसणीवर रूढ असलेले उपाय आणि त्यांविषयीचे अनुभव, चांगले तसेच प्रतिकूलही, संपादकांकडे अवश्य पाठवावेत.