समजून घ्या : भाजलेल्या जखमेत नव्या रक्तवाहिन्या कशा वाढवतात?

महाड एमआयडीसीला लागून असलेल्या बिरवाडी परिसराला कारखान्यांतील आगी नव्या नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील एका औषध कंपनीतील आगीत कामगारांचे बळी गेले. अशा दुर्घटनेतून वाचलेल्यांची पुढची लढाई जखम भरण्याची असते आणि ती रक्तवाहिन्यांवर ठरते.

अडचण कुठे?
खोल भाजल्यावर त्वचेबरोबर तिच्यातील केशवाहिन्याही जळतात. पेशी जगायची तर रक्तवाहिनी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरात हवी. रक्त पोहोचले नाही, तर वरून लावलेली त्वचाही टिकत नाही.

जाळीचे काम काय?
अमेरिकेतील संशोधक आयोआनिस यान्नास आणि सर्जन जॉन बर्क यांनी कोलॅजनची सच्छिद्र जाळी तयार केली. तिला १९९६ मध्ये अमेरिकेत ‘इंटेग्रा’ नावाने मान्यता मिळाली. तिची छिद्रे अतिशय बारीक असतात. ती फार लहान असतील तर पेशी आत शिरत नाहीत. फार मोठी असतील तर पेशींना धरायला पुरेशी जागा मिळत नाही. जखमेच्या तळातून रक्तवाहिन्या या जाळीत वाढतात. साधारण २ ते ३ आठवड्यांनी वरचा सिलिकॉनचा थर काढून रुग्णाचीच पातळ त्वचा लावतात.

नॅनोकण कशासाठी?
‘व्हीईजीएफ’ या प्रथिनामुळे रक्तवाहिन्यांना नवा फुटवा येतो. मात्र, ते रक्तात सोडल्यास काही मिनिटांतच कमी होते आणि प्रमाण जास्त झाले तर गळक्या वाहिन्या तयार होतात. त्यामुळे ते ‘पीएलजीए’च्या अतिसूक्ष्म कणांत भरून सलाइनसारखे थोडे थोडे सोडण्याचे प्रयोग सुरू आहेत. विरघळणाऱ्या टाक्यांतही हाच पदार्थ वापरतात. कर्करोगाच्या गाठीही याच प्रथिनाच्या जोरावर रक्त ओढून घेतात, म्हणून संशोधक सावध आहेत.

रुग्णाला आज काय मिळते?
नॅनोकणांचे उपचार अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. जाळी वापरात आहे, पण महाग आहे. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत दान केलेली त्वचा रुग्णाला तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते.

भाजल्यास हे करा
जखमेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या. जखम जितकी कमी खोल जाईल, तितक्या जास्त रक्तवाहिन्या वाचतात.