क्लचची हवा काढताना ऑइलही बदला

क्लच पेडल मऊ पडले, गिअर अडकू लागला, की आपण हवा काढून मोकळे होतो. पेडणे-डिचोलीच्या दमट हवेत तेवढे पुरत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असते, आणि डॉट ३ व डॉट ४ ही ब्रेक ऑइले ग्लायकॉलची. ती ओल शोषतात. ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरले की हीच हमी १४० अंशांवर येते. शिवाय ओलीने सिलिंडर आतून गंजतो, गंजाने सील कापते. म्हणून काळपट ऑइल संपून स्वच्छ येईपर्यंत काम थांबवू नये.

एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचा निपल किंचित सैल करावा. निपलला लावलेल्या नळीतून बुडबुडे निघाले की निपल आवळावा, मगच पेडल सोडावे. उलट क्रम झाला तर हवा परत आत शिरते. हे काम गॅरेजचेच, असा आक्षेप असतो. तो निराधार नाही: पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, ती रिकामी झाली तर ब्रेकमध्येही हवा जाईल. पण दर चार-पाच दाबांनी ऑइल भरत राहिले तर हा धोका टळतो. पेडल काही दिवसांत पुन्हा मऊ पडले तर मात्र गळती आहे. तिथे गॅरेजच गाठावे.