‘समजलं का?’ विचारल्यानंतरची शांतता

मागच्या बाकावरचा ‘हो’

पुण्यातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाचा वर्ग भरतो तेव्हा पुढच्या बाकांवर बहुतेक शहरातल्या इंग्रजी शाळांची मुलं असतात. परांडा, अक्कलकुवा, किनवटहून आलेली मागच्या भिंतीजवळ बसतात. तास संपताना आम्ही विचारतो, “समजलं का?” वर्ग म्हणतो, “हो मॅडम.” मी संख्याशास्त्र शिकवते, आणि कितीतरी वर्षं मी हा ‘हो’ खरा धरून चालले.

मग एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही हातात आली. फळ्यावरचं गणित त्याने अक्षरन् अक्षर उतरवलं होतं, फक्त एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून प्रश्नचिन्ह काढलं होतं. शब्द होता ‘रिस्पेक्टिव्हली’. दोन गटांच्या सरासऱ्या अनुक्रमे 40 आणि 52 आहेत, इतकंच त्या वाक्यात होतं. ‘अनुक्रमे’ हा शब्द त्याला शाळेपासून पाठ होता. गणित त्याला येत होतं, तो अडला होता त्या एका शब्दापाशी. आणि साठ जणांसमोर हात वर करून तो शब्द विचारण्यापेक्षा गप्प बसणं त्याला सोपं वाटलं होतं. सर्वसमावेशक वर्ग म्हणजे काय, हे मला त्या रेघेने जितकं शिकवलं तितकं कुठल्याही कार्यशाळेने शिकवलं नाही.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही

1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी एक फार नेमकी मागणी केली होती. शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळून त्यांची गरज ओळखणारे असावेत, आणि नांगराला हात लावायची त्यांना लाज वाटू नये. निवेदनातला हा भाग प्राथमिक शाळांबद्दल होता, पण तो आज कॉलेजच्या स्टाफरूममध्येही वाचायला हवा. शिकवणारा दूर उभा राहिला की शिकणारा विचारायचं सोडून देतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

भाषेचा प्रश्न हातात घेतला धोंडो केशव कर्वे यांनी. 1891 पासून 1914 पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते, तेव्हा इंग्रजीतून शिकणं म्हणजे काय हे त्यांनी वर्गात उभं राहून अनुभवलं होतं. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिकवणारं. इंग्रजी हा विषय ठेवला, पण बाकीच्या विषयांच्या वाटेत तिला आडवं येऊ दिलं नाही. सुरुवातीला जेमतेम पाच विद्यार्थिनी होत्या. सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. तरी कर्व्यांनी तो आग्रह सोडला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार कृतज्ञता वाटते.

विचारणं सोपं कसं करायचं

आज विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकीचं माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजीच आहे आणि ते एका प्राध्यापकाच्या हातात नाही. पण तास त्याच्या हातात असतो. मी आता फळ्याच्या उजव्या कडेला एक पट्टी मोकळी ठेवते. इंग्रजी संज्ञा आली की तिथे मराठी शब्द लिहिते : मीन म्हणजे सरासरी, मीडियन म्हणजे मध्यक, मोड म्हणजे बहुलक. पट्टी तास संपेपर्यंत पुसत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकणं मात्र मला जड गेलं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिलं होतं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. जो मुलगा प्रश्न इंग्रजीत ऐकतो, विचार मराठीत करतो आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत जुळवतो, त्याला एका सेकंदात काय जमणार? मी मनात पाचपर्यंत आकडे मोजते. त्याआधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला सांगते, मराठीत, अहिराणीत, हवं त्या भाषेत.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीची. नाव लिहायचं नाही, आज कुठे अडलं तेवढं लिहायचं. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू होतो.

यावर हमखास ऐकू येतं की असं केलं तर सिलॅबस पूर्ण होत नाही. 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अध्यापनावरच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गापेक्षा दीडपट निघाली. पण अडचण खरी आहे, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसाठी तर ती फारच खरी आहे. तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्याला दुसऱ्या कॉलेजची बस गाठायची असते. त्याच्या मागे धावत येणाऱ्या मुलाचा प्रश्न दारातच राहतो. ही रचना बदलल्याशिवाय नुसत्या युक्त्यांनी सगळं साधणार नाही.

फळ्याकडे तोंड करून

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. पण वर्ष परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू होतं. “यातून हे वजा केलं की हे येतं,” असं मी फळ्यावर बोट ठेवून सांगते तेव्हा दृष्टिहीन विद्यार्थिनीच्या हाती काहीच लागत नाही. “52 मधून 40 वजा केले की 12” म्हटलं की ती सगळ्यांच्या बरोबर असते. ओठ वाचणाऱ्या मुलासाठी फळ्याकडे वळून बोलणं बंद करावं लागतं. नोट्स मोबाइलवर फोटो काढून पाठवण्याऐवजी टाइप करून पाठवल्या तर स्क्रीन रीडर त्या सहज वाचतो.

मेसचा खाडा

गावाकडच्या मुलांना राहायला-जेवायला आधार हवा म्हणून डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. अशा वसतिगृहात जागा न मिळालेली मुलं कॉटबेसिसवर राहतात आणि पैसे संपत आले की मेसला खाडा करतात. माझ्या वर्गातली काही मुलं महिनाअखेरीच्या चाचणीत नेहमी मागे पडायची. कारण विचारलं तेव्हा एक जण खाली बघत म्हणाला, “मॅडम, त्या आठवड्यात एकच वेळ जेवतो.” आता चाचणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते.